सिगारच्या पेटीला कंठ फुटला

वाद्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शिसवी दांडी, हस्तिदंती नक्षी आणि एखाद्या निष्णात कारागिराचा हात उभा राहतो. परंतु वाद्यांच्या इतिहासाचा फार मोठा भाग राजदरबारात घडलेला नसून परसात, चुलीजवळ आणि उकिरड्याच्या काठावर घडलेला आहे. भोपळा वाळला की त्याचा वीणेला उपयोग होतो. पोकळ लाकडी नळकांड्याला एका बाजूने कातडे मढवून त्यात एक तार ताणली की गोंधळ्याचे तुणतुणे सिद्ध होते. जत्रेत मातीच्या वाटीवर कागद चिकटवून केलेली चिमुकली सारंगी विकणारा माणूस आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला असेल. ज्याच्याजवळ जे असते त्यातून तो नाद काढतो, हा मनुष्यस्वभावच आहे.

अमेरिकेत ही कामगिरी एका अगदी क्षुल्लक वस्तूने बजावली. ती वस्तू म्हणजे सिगारची रिकामी पेटी. तिला काठीची दांडी बसवून तारा ताणल्या की ओबडधोबड गिटार तयार होई. पुढे या पेटीवर चुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसले, विजेच्या साहाय्याने तिचा आवाज सभागृहभर पोहोचू लागला. चुंबक पेटीच्या झाकणावर बसवावा की दांडीवर, हा वरवर पाहता सुताराचा प्रश्न. परंतु त्याच्या पोटात एक जुना मानवी प्रश्न दडलेला आहे. ज्याचा आवाज लहान, त्याने ऐकू जावे कसे? आणि ऐकू जाण्यासाठी काय टाकून द्यावे, काय राखावे? या प्रश्नाचा मागोवा घेत आपण या पेटीची कहाणी पाहू.

प्रथम पेटी आली कोठून? अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध झाले. युद्धाचा खर्च भागविण्यासाठी सरकारने ज्या अनेक वस्तूंवर कर बसविला त्यांत तंबाखू आणि सिगार होते. कर चुकविला जाऊ नये म्हणून सिगार पेटीतच भरून विकावेत, पेटीवर कराचे तिकीट चिकटवावे आणि एकदा वापरलेली पेटी पुन्हा सिगार भरण्यासाठी वापरू नये, असे नियम त्या दशकात झाले. परिणाम असा झाला की गावोगावच्या दुकानांत, खानावळींत आणि छावण्यांत रिकाम्या पेट्यांचे ढीग साचू लागले. पेटी चांगल्या हलक्या लाकडाची, बहुधा सुवासिक सीडरची. फळ्या पातळ, सांधे नेटके आणि किंमत शून्य. कर वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याने आपण एका वाद्याला जन्म देत आहोत असे स्वप्नातही आणले नसेल.

एडविन फोर्ब्ज नावाचा चित्रकार या युद्धात सैन्याबरोबर हिंडत होता. त्याने 1876 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चित्रमालेत छावणीतील एका सैनिकाच्या हाती सिगारच्या पेटीचे व्हायोलिन दाखविले आहे. घरापासून दूर, उद्याची शाश्वती नसलेला तो तरुण पेटीवर गज फिरवीत बसला आहे. या वाद्याच्या अगदी आरंभीच्या पुराव्यांत या चित्राची गणना होते. पुढे 1880 नंतरच्या दशकात डॅनियल कार्टर बिअर्ड या लेखकाने मुलांसाठी सिगारच्या पेटीचा बँजो कसा करावा याची सचित्र कृती छापली आणि घरोघरची पोरे करवत घेऊन बसली.

मात्र ज्यांच्या हाती हे वाद्य खऱ्या अर्थाने वाढले त्यांच्या दृष्टीने तो केवळ पोरखेळ नव्हता. दक्षिणेकडील निग्रो समाजाचा आवाजाशी असलेला संबंध फार दुःखाचा आहे. दक्षिण कॅरोलिना प्रांतात 1739 मध्ये गुलामांचे बंड झाले. बंडखोर ढोल वाजवीत चालले होते. दुसऱ्याच वर्षी, 1740 मध्ये, तेथे जो कायदा झाला त्याने गुलामांना ढोल, शिंगे आणि मोठा आवाज करणारी वाद्ये बाळगण्याची बंदी केली. ढोल गेला, पण आफ्रिकेतून मनात आणलेला नाद कोण हिरावून घेणार? भोपळ्यावर कातडे ताणून केलेल्या आफ्रिकी तंतुवाद्यांतून बँजो निघाला. कोणी घराच्या भिंतीवर दोन खिळे ठोकून एकच तार ताणली, तिच्याखाली बाटली सरकविली आणि दुसऱ्या बाटलीने तार घासून मींड काढली. त्या एकतारी वाद्याला डिडली बो असे नाव पडले. याच घराण्यात सिगारच्या पेटीची गिटार येऊन मिळाली. झाडूचा दांडा, पेटी आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीतून सोडविलेली तार, एवढे साहित्य पुरे होई.

या पेटीवर ज्यांची बोटे प्रथम फिरली त्यांची नावे पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. टेक्ससचा आंधळा भजनगायक ब्लाइंड विली जॉन्सन याला पाच वर्षांचा असताना बापाने पेटीची गिटार करून दिली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याने 1927 मध्ये ध्वनिमुद्रित केलेली एक रचना 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याच्या तबकडीवर घालून अंतराळात धाडण्यात आली. ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी याने लहानपणी पेटीचे व्हायोलिन केले. लाइटनिन हॉपकिन्स याची पहिली गिटारही पेटीचीच होती. आणि ही गरिबी केवळ एका वर्णाची नव्हती. टेनेसीमधील वाट्याने शेती करणाऱ्या गोऱ्या कुटुंबातील कार्ल पर्किन्स याला बापाने सिगारची पेटी आणि झाडूचा दांडा यांतूनच पहिले वाद्य करून दिले होते.

आपल्या कथेचा नायक मात्र यांपैकी कोणी नव्हे. त्याचे नाव चार्ली ख्रिश्चन. त्याचा जन्म 1916 मध्ये टेक्ससमधील बॉनम या गावी झाला आणि तो ओक्लाहोमा सिटी या शहरात वाढला. बाप आंधळा होता आणि गिटार वाजवीत असे. त्याची मुले त्याला हाताला धरून सुखवस्तू वस्तीत नेत आणि तेथे सगळे मिळून रस्त्यावर वाजवीत. प्रख्यात कादंबरीकार राल्फ एलिसन याच शहरातला. एलिसनने 1958 मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या बालमित्राची आठवण नोंदवून ठेवली आहे. शाळेत हस्तव्यवसायाचा तास असे. त्या तासाला चार्ली सिगारच्या पेट्यांच्या गिटारी करी आणि सवंगड्यांना त्या वाजवून दाखवून चकित करी. पेटीचे झाकण किती पातळ असावे, घोडी कोठे उभी केली म्हणजे सूर मोकळा येतो, तार किती ताणली म्हणजे दांडी वाकते, हे ज्ञान त्याच्या बोटांना अशा रीतीने लहानपणीच झाले असले पाहिजे.

आता दुसऱ्या धाग्याकडे, म्हणजे चुंबकाकडे वळू.

गिटार हे मुळातच हळव्या आवाजाचे वाद्य. 1920 नंतर अमेरिकेत नृत्यगृहांची आणि मोठ्या वाद्यवृंदांची चलती झाली. ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ढोल यांच्या गदारोळात गिटारवाला हात हलवताना दिसे, पण ऐकू येत नसे. त्याचे काम ताल धरण्यापुरते उरले. काहींनी गिटारच्या पोटात धातूच्या पातळ वाट्या बसवून आवाज वाढविला. नॅशनल कंपनीच्या अशा गिटारी 1927 पासून बाजारात येऊ लागल्या. त्या खटपटीत जॉर्ज बीचम नावाचा एक हवाईयन गिटार वाजविणारा कलावंत होता. एवढ्याने त्याचे समाधान झाले नाही. पोकळी वाढवून आवाज वाढवायचा, याला मर्यादा आहे हे त्याने ओळखले. तारेचा कंप सरळ विजेत रूपांतरित करता आला तर? त्याने पॉल बार्थ या सहकाऱ्यासह प्रयोग केले आणि 1931 मध्ये लाकडाची एक कच्ची प्रतिकृती तयार झाली. अॅडॉल्फ रिकनबॅकर या उद्योजकाच्या साहाय्याने 1932 मध्ये अॅल्युमिनियमच्या ओतीव अंगाची विजेची हवाईयन गिटार विक्रीस आली. वाटोळे अंग आणि लांब दांडी यांमुळे लोक तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, म्हणत. या शोधाचे पेटंट मिळावयास मात्र 1937 साल उजाडले.

येथे जाता जाता एक गोष्ट सांगावयास हवी. विजेची ही पहिली यशस्वी गिटार हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून धातूच्या कांबीने वाजविण्याची होती. तिचा मींडप्रधान स्वर भारतीय कानाला जवळचा वाटला. मुंबईत व्हॅन शिपले यांनी विजेच्या हवाईयन गिटारवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघर पोहोचल्या. ज्या वाद्याचा कंठ लॉस एंजेलिसमध्ये फुटला त्याला आपल्याकडेही असे रसिक लाभले.

या पिकअपचे तत्त्व मायकेल फॅरडे याने 1831 मध्येच सिद्ध केले होते. चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या सान्निध्यात चुंबकीय क्षेत्र बदलले की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. पिकअपमध्ये एक चुंबक असतो आणि त्याच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार ताणलेली असते. चुंबकाच्या सान्निध्यामुळे ती तारही किंचित चुंबकीय होते. तार छेडली की ती पुढेमागे हलते, तिच्याबरोबर क्षेत्र थरथरते आणि वेटोळ्यात तितक्याच कंपसंख्येची अत्यंत क्षीण वीज खेळू लागते. ध्वनिवर्धक ती मोठी करतो. यातील मर्म असे की या यंत्राला कान नाहीत. हवेतील नाद ते ऐकत नाही, फक्त लोखंडाची हालचाल ओळखते. तात किंवा नायलॉनची तार त्याच्यापुढे कितीही जीव ओतून छेडली तरी ते मुकेच राहते.

गिब्सन कंपनीत वॉल्टर फुलर नावाच्या तंत्रज्ञाने 1935 च्या सुमारास आपल्या पद्धतीचा पिकअप तयार केला. त्या काळचे चुंबक आजच्या मानाने दुबळे, म्हणून दोन लांबलचक पोलादी चुंबक घ्यावे लागले. ते गिटारच्या पोटात, झाकणफळीच्या खाली आडवे ठेवले. फळीला भोक पाडून त्यातून फक्त वेटोळे आणि त्याच्या मधोमध लोखंडाची एक सलग पाती वर काढली. हे सारे ओझे फळीतून गेलेल्या तीन स्क्रूंवर तोललेले असे. त्या स्क्रूंनीच पाती तारांच्या जवळ किंवा दूर सारता येई. असा पिकअप बसविलेली ईएस-150 ही गिटार 1936 मध्ये बाजारात आली.

या गिटारीवर चार्ली ख्रिश्चनचा हात पडला आणि दोन्ही धागे एकत्र आले. 1939 च्या ऑगस्टमध्ये त्याला बेनी गुडमन या ख्यातनाम क्लॅरिनेटवादकाच्या संचात प्रवेश मिळाला. वर्णभेद पाळणाऱ्या त्या काळात गोऱ्या आणि काळ्या कलावंतांना एका व्यासपीठावर बसविणारा हा संच होता. ख्रिश्चनने गिटारवर एकेक सूर सोडवून लांबलचक तानेसारखी वाक्ये वाजविण्यास आरंभ केला. सॅक्सोफोनच्या तोडीस तोड असा तो आवाज होता. ताल धरणारा माणूस उठून बोलू लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ‘डाउन बीट’ या नियतकालिकात त्याच्या नावाने लेख प्रसिद्ध झाला. गिटारवादकांनी जागे व्हावे, हा त्याचा पुकारा होता. परंतु हे वैभव त्याला जेमतेम दोन वर्षे लाभले. क्षयाने त्याला गाठले आणि 2 मार्च 1942 रोजी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, तो निवर्तला. त्या सलग पातीच्या पिकअपला वादक आजही ‘चार्ली ख्रिश्चन पिकअप’ म्हणूनच ओळखतात. एखाद्या यंत्राला त्याच्या निर्मात्याऐवजी वापरणाऱ्याचे नाव मिळावे, हा सन्मान विरळाच.

ख्रिश्चनची गिटार पोकळ होती. पोकळ वाद्यावर चुंबक बसविला की एक नवे दुखणे सुरू होते. ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेला आवाज पुन्हा वाद्याच्या पोटात शिरतो, फळी हलवितो, फळीबरोबर तारा हलतात, तो कंप पुन्हा ध्वनिवर्धकात जातो आणि क्षणार्धात कानठळ्या बसविणारी किंकाळी उठते. मग काहींनी विचार केला की चुंबकाला पोकळीची गरजच नाही, तर पोकळी हवी कशाला? लेस पॉल या वादकाने 1940 च्या सुमारास पाइनच्या एका भरीव ओंडक्यावर दांडी, तारा आणि पिकअप बसविले. हे वाद्य उत्तम वाजे. परंतु नुसता ओंडका पाहून लोक बिचकत, म्हणून त्याने एक गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धे भाग ओंडक्याच्या दोन्ही अंगांना डकविले. त्या अर्ध्या भागांचा नादाशी फारसा संबंध नव्हता. श्रोत्याच्या डोळ्यांना मात्र पेटी हवी होती! पुढे 1950 पासून लिओ फेंडरने भरीव गिटारी कारखान्यातून काढण्यास सुरुवात केली आणि पोकळीचे महत्त्व आणखी घटले.

याच सुमारास सिगारच्या पेटीचेही दिवस फिरले. टपालाने माल पाठविणाऱ्या मोठ्या दुकानांतून स्वस्त गिटारी गावोगाव पोहोचू लागल्या. 1950 नंतरच्या दशकात नेथन डॅनियल या निर्मात्याने दाबलेल्या भुशाच्या पुठ्ठ्याची गिटार बनविली आणि तिचे पिकअप चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळ्यांत बसविले. काही वर्षांनी गिटारच्या खोक्यातच ध्वनिवर्धक बसवून तो सगळा संच एकत्र विकला जाऊ लागला. गरिबाच्या पोराला आता पेटी पोखरण्याची गरज उरली नाही. ती मागे पडली, आणि तसे होणे योग्यच होते. कारण खुराड्याची तार सोडविणाऱ्या मुलाने ती हौसेने सोडविलेली नव्हती. खरी गिटार हाती येताच त्याने पेटी बाजूला ठेवली. आज त्या पेटीचे कौतुक करताना तिच्यामागील दारिद्र्याचे कौतुक आपल्या हातून होऊ नये.

मग ही पेटी परत का आली? गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि नंतर इतरत्र, हौशी माणसे पुन्हा सिगारच्या पेट्यांच्या गिटारी करू लागली. या वेळी त्यांच्याजवळ दोन पिढ्यांचे चुंबकी ज्ञान होते. आता ही नवी पेटी उघडून पाहू.

लाकडाची एक चौकोनी काठी पेटीच्या एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. हीच तिची दांडी. तारांचा सगळा ताण ती काठी सोसते, पेटीच्या पातळ फळ्यांवर तो पडत नाही. तारा बहुधा तीन किंवा चार. येथे पहिली अडचण येते. बाजारातील पिकअप सहा तारांसाठी असतो. त्याची सहा लोहटोके ठरावीक अंतरावर असतात आणि पेटीच्या तीन तारा नेमक्या त्यांच्या डोक्यावर येतीलच असे नाही. टोकावरून सरकलेली तार दबून बोलते. उपाय कोणता? एक तर तीनच टोकांचे वेटोळे घरी गुंडाळावे. नाही तर सलग पातीचा पिकअप वापरावा, कारण पातीला तारा किती आणि कोठे याची पर्वा नसते. म्हणजे पेटीच्या आजच्या कारागिराची अडचण सोडविण्यास फुलरची ती जुनी कल्पनाच धावून येते. ज्या मुलाने शाळेत पेट्यांच्या गिटारी केल्या, त्याच्याच नावाची पाती पुन्हा पेटीत शिरावी, हा योग मोठा हृद्य आहे.

वेटोळे घरी गुंडाळणे हे चिकाटीचे काम. सुमारे सहा शतांश मिलिमीटर जाडीच्या, लाखेसारखा लेप दिलेल्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे घ्यावे लागतात. शिवणयंत्राची किंवा गिरमिटाची मोटर त्यासाठी वापरतात. वेढे सैल राहिले तर ते स्वतःच थरथरून चिरका आवाज करतात, म्हणून वेटोळे वितळलेल्या मेणात बुडवून घट्ट करतात. चुंबकासाठी पूर्वीप्रमाणे पोलादाच्या लांब कांबी लागत नाहीत. 1931 मध्ये जपानमधील मिशिमा यांनी शोधलेल्या लोखंड, निकेल आणि अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूतून पुढे अल्निको चुंबक आले. 1980 नंतरच्या दशकात निओडिमियमचे चुंबक आले. ज्या कामाला फुलरला वीतभर लांबीच्या कांबी लागल्या ते आता कुडतीच्या बटनाएवढा तुकडा करतो. किंबहुना तो इतका प्रबळ असतो की त्याला तारेपासून दूर ठेवावे लागते. चुंबक फार जवळ गेला तर तो तारेला ओढून धरतो, तिचा कंप मोडतो आणि सूर बेसूर होतो. तार आणि पिकअप यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवणे शहाणपणाचे.

तारांची निवडही येथे महत्त्वाची. साध्या गिटारीच्या जाड तारांना कांस्याचा वेढा असतो. कांस्य चुंबकाला दाद देत नाही, आतले पोलाद तेवढे बोलते. म्हणून पोलादाचा किंवा निकेलचा वेढा असलेल्या तारा घेतात. घोडीखालून एक तार काढून तिला कथलाचा डाग देऊन जमिनीच्या जोडणीशी बांधतात. तसे न केल्यास विजेच्या दिव्यांची गुणगुण सुरांत मिसळते. ही गुणगुण मारण्याचा नामी उपाय गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये काढला. दोन वेटोळी एकमेकांच्या उलट गुंडाळून, त्यांचे चुंबकही उलटे ठेवून जोडली की बाहेरची गुणगुण परस्पर नाहीशी होते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. पेटी खोल असेल तर तोही पिकअप तिच्यात मावतो.

आता तो मूळ प्रश्न. पिकअप बसवावा कोठे? घोडीजवळ बसविला तर आवाज धारदार येतो, दांडीच्या टोकाजवळ बसविला तर गोल आणि भरदार. हे सर्व गिटारींना लागू आहे. पेटीचा खास पेच निराळा. पिकअप झाकणाला भोक पाडून त्यावर टांगला, तर झाकण थरथरले की पिकअपही थरथरतो. तार आणि चुंबक यांतले अंतर झाकणाच्या कंपाने बदलते, आणि ज्या यंत्राला कान नाहीत त्याच्या कानी पेटीची कुजबुज पडते. सीडरची ती पोकळ, किंचित खरखरीत छटा आवाजात उतरते. पण आवाज वाढविला की तीच पेटी किंचाळू लागते. उलट, झाकणाखालच्या काठीला खाच पाडून पिकअप तिच्यावर घट्ट बसविला, तर तो स्थिर राहतो आणि किंकाळी पुष्कळ कमी होते. मात्र पेटीचे बोलणे जवळजवळ संपते. काही कारागीर मधला मार्ग काढतात. पिकअप काठीवर बसवितात आणि भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठे ठेवून झाकण मोकळे सोडतात. शिवाय लाकडाचा कंप टिपणारी एक छोटी चकती घोडीखाली डकवितात. चुंबक तारेचे ऐकतो, चकती लाकडाचे ऐकते आणि वादक आपल्या रुचीप्रमाणे दोहोंचे मिश्रण करतो. मोठ्या आवाजात वाजवायचे असेल तर पेटीत थोडा कापूस किंवा कापड भरतात.

सुताराला विचाराल तर तो म्हणेल, काठीवर बसवा, काम सोपे आणि पक्के. इतिहासाच्या अभ्यासकाला यात आणखी काही दिसते. बीचमने पोकळी टाळली, लेस पॉलने ती केवळ शोभेपुरती ठेवली, आणि दोघांचेही आपापल्या काळाला बरोबर होते. त्यांना जो आवाज हवा होता तो त्यांना मिळाला. पण आवाज मोठा झाल्यावर, तो कोणाचा होता हे विसरण्याचा धोका असतो. झाकणावर पिकअप टांगणारा आजचा कारागीर किंकाळीचा धोका पत्करून त्या पेटीला, म्हणजे पर्यायाने तिच्या इतिहासाला, थोडी जागा देत असतो.

2012 च्या डिसेंबरमध्ये न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये चक्रीवादळग्रस्तांच्या मदतीसाठी मोठी मैफल झाली. तीत बीटल्स संचाचे पॉल मॅकार्टनी यांनी सिगारच्या पेटीची विजेची गिटार हाती घेऊन गायन केले. जगभर ते लोकांनी पाहिले. छावणीतल्या सैनिकाचे वाद्य एका चुंबकाच्या आधाराने तेथवर जाऊन पोहोचले होते.

चार्ली ख्रिश्चन मोठा झाला तो पेटीमुळे, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. त्याला चांगली गिटार हवी होती, ती मिळाली आणि तिच्या चुंबकाने त्याचा आवाज वाद्यवृंदाच्या वर नेला. परंतु तो आवाज ऐकू येण्याजोगा झाला, त्याच्या कितीतरी आधी एका हस्तव्यवसायाच्या तासाला तो ऐकण्याजोगा झालेला होता. चुंबक आवाज मोठा करतो. त्या आवाजात सांगण्यासारखे काही असावे लागते, आणि ते कोणत्याही यंत्रात गुंडाळून मिळत नाही. ज्या समाजाला एके काळी ढोल वाजविण्याचीही बंदी होती, त्याने रिकाम्या पेट्यांतून ते जपून ठेवले. पेटीवर पिकअप बसविणाऱ्याने झाकण निवडावे की दांडी, हे ज्याचे त्याने ठरवावे. भोक पाडण्यापूर्वी मात्र त्याने झाकणावर बोटाने एकदा टिचकी मारून पाहावी. पेटीचा स्वतःचा आवाज कसा आहे, हे चुंबक बसविण्याआधी समजलेले बरे.